स्टार्ट मेनूची आवराआवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचा छोटासा कॉम्प्युटर क्लास आहे. क्लास म्हटलं की दुरुस्ती मागोमाग येतेच. शिकायला येणारा पोरगा दुसऱ्या दिवशी काकांचा लॅपटॉप काखेत मारून हजर असतो. खालचे प्रश्न टेबलासमोर उभं राहून लोकांनी विचारलेले आहेत, बहुतेक त्यांच्याच शब्दांत. उत्तरं विंडोज ११ धरून लिहिली आहेत. विंडोज १० मध्ये वेगळं काही असेल तर त्या त्या जागी सांगितलं आहे. बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, मी ती देवनागरीत लिहिली आहेत इतकंच.

सर, डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध कसं गेलं?

तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हापासून हे स्टार्टचं बटण, दाबलं की प्रोग्रॅमांचा मेनू उघडणारं, डाव्या कोपऱ्यात होतं. मध्ये २०१२ साली विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते काढूनच टाकलं, लोकांनी आरडाओरडा केला, मग वर्षभरात ८.१ मध्ये परत आणलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ते मधोमध बसवलं.

पूर्वीसारखं हवं असेल तर खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज उघडा, टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. वीस-पंचवीस वर्षं हात त्या कोपऱ्याकडे जात असेल तर तो तिथेच जाऊ द्या. नवीन शिकणाऱ्याला मधोमध असलं तरी काही अडत नाही.

पिन केलेली आयकॉनं आणि ‘ऑल’मधली यादी, दोन्ही एकच ना?

नाही. निम्मा घोळ इथेच होतो. पिन केलेला भाग, म्हणजे स्टार्ट उघडताच वर दिसणारी आयकॉनं, हे ओट्यावरचे डबे: मीठ, साखर, चहा. ‘ऑल’ म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांची यादी, तो माळा. घरात जे जे आहे ते माळ्यावर असतंच, त्यातलं रोजचं तेवढं ओट्यावर. ओट्यावरचा डबा उचलून बाजूला ठेवला म्हणून घरातली साखर संपत नाही.

माझं मत विचाराल तर माळा आवरायच्या भानगडीत पडूच नका. तिथली यादी अक्षरांनुसार आपोआप लागते आणि प्रत्येक नवा प्रोग्रॅम येताना स्वतःचं बोचकं घेऊन येतो. तुम्ही रविवारभर बसून लावाल, पुढच्या अपडेटला ते पुन्हा विस्कटेल. मेहनत करायचीच असेल तर ओट्यावर करा. बाकीचं शोधून काढायचं. विंडोजची कळ (कीबोर्डवर विंडोजची खूण असलेली) दाबायची आणि नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करायची. शोधचौकटीत क्लिक करायचीही गरज नसते, कळ दाबून थेट टाइप करत सुटा. आमच्या क्लासात पहिल्या दिवशी हे शिकवतो. दहातले आठ जण दुसऱ्या दिवशी विसरतात आणि परत माउस घेऊन यादी चाळत बसतात.

मग ओट्यावर काय काय ठेवायचं?

नवीन लॅपटॉपवर पिनच्या पहिल्या पानावर साधारण सहाच्या तीन ओळी दिसतात, म्हणजे १८ आयकॉनं. त्यातली निम्मी तुम्ही कधी उघडलेलीही नसतात. आधी ती काढा: राइट क्लिक, ‘अनपिन फ्रॉम स्टार्ट’. डोळे झाकून काढा, नुकसान काही नाही.

मग कागद घ्या आणि कालच्या दिवसात काय काय उघडलं ते लिहा. काय उघडायला हवं होतं ते लिहू नका, खरोखर उघडलेलं लिहा. काजूचं दुकान असलेल्या एका बाईंच्या लॅपटॉपवर आम्ही हे केलं. त्यांच्या यादीत आलं: बिलाचा प्रोग्रॅम, व्हॉट्सॲप, ब्राउझर, एक्सेल, कॅल्क्युलेटर, आणि रात्री दुकान बंद केल्यावर पत्त्यांचा सॉलिटेअर. सहा. त्यांच्या स्टार्टमध्ये होती एकतीस. आता पहिल्या ओळीत ती सहा, सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने. सॉलिटेअर शेवटी ठेवताना त्या हसल्या, पण काढू नका म्हणाल्या.

प्रकारानुसार लावण्यापेक्षा हे असं कामाच्या क्रमाने लावणं जास्त टिकतं. ‘ऑफिसचे प्रोग्रॅम’, ‘इंटरनेटचे प्रोग्रॅम’ असे गट पुस्तकात शोभतात. हाताला क्रम लक्षात राहतो. आयकॉन धरून ओढलं की जागा बदलते; पहिल्या जागी न्यायचं असेल तर राइट क्लिक करून ‘मूव्ह टू फ्रंट’.

दिवसभर उघडे लागतात असे दोन-तीन प्रोग्रॅम तर स्टार्टमध्येही ठेवू नका, थेट खालच्या टास्कबारवर पिन करा. तिथला पहिला प्रोग्रॅम विंडोजची कळ आणि १ दाबून उघडतो, दुसरा २ दाबून, असं पुढे.

स्टार्टमध्ये फोल्डर कसा करायचा?

एक आयकॉन धरून दुसऱ्याच्या डोक्यावर सोडा, मोबाइलवर करतो तसंच. फोल्डर तयार होतो, उघडून वर नाव द्या. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत हे नव्हतं, २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून आलं. होत नसेल तर आधी अपडेट करा.

फोल्डर कशाचा करावा? महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टींचा: प्रिंटर-स्कॅनरचे प्रोग्रॅम, फोटो छोटे करायचं साधन, पीडीएफ जोडायचं साधन. रोजच्या गोष्टी फोल्डरमध्ये टाकल्यात तर एक क्लिक वाढतो आणि आठवड्याभरात तुम्ही त्या पुन्हा बाहेर काढता. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधताना आपण नारळ आणि केळ्याचा घड दिसेल असाच बांधतो, पानाआड नाही. तसंच हे.

मी आयकॉन उडवला. प्रोग्रॅम गेला का?

एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन डिचोलीहून पावसात आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून. डेस्कटॉप आवरताना हिशोबाच्या प्रोग्रॅमचं आयकॉन उडालं आणि वर्षभराची बिलं गेली असं त्यांना वाटलं. विंडोजची कळ, तीन अक्षरं, एंटर. प्रोग्रॅम उघडला, बिलं जागच्या जागी. चहासुद्धा न घेता गेले.

आयकॉन म्हणजे बहुतेक वेळा शॉर्टकट असतो, दाराबाहेरची नावाची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. ‘अनपिन’ म्हणजे पाटी काढणं, ‘अनइन्स्टॉल’ म्हणजे घर पाडणं. राइट क्लिक केल्यावर हे दोन्ही शब्द एकाच यादीत दिसतात, म्हणून क्लिक करण्याआधी वाचा. उलटा गैरसमजही तितकाच: नुसतं आयकॉन उडवून प्रोग्रॅम काढला असं समजणारेही खूप. डिस्कवर जागा करायची असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स या वाटेने जाऊनच अनइन्स्टॉल करा.

‘ऑल’ची यादीच मला माझ्या पद्धतीने लावायची आहे. काही झालं तरी.

बरं. माळ्यावर चढायचंच असेल तर शिडी अशी लावा.

‘ऑल’मध्ये एखाद्या प्रोग्रॅमवर राइट क्लिक करा, ‘मोर’, मग ‘ओपन फाइल लोकेशन’. जो फोल्डर उघडतो त्याच्या वरच्या पट्टीत शेवटी ‘स्टार्ट मेनू’ आणि ‘प्रोग्रॅम्स’ अशी नावं दिसतील. ही यादी इथूनच बनते. असे दोन फोल्डर असतात: एक मशीनवरच्या सगळ्यांसाठी सामाईक, दुसरा फक्त तुमच्या खात्याचा. म्हणून एखादा प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये दिसला नाही तर तो दुसऱ्यात असतो. सामाईक फोल्डरमध्ये बदल करताना ॲडमिनची परवानगी मागितली जाते.

इथे नवा फोल्डर करा, त्यात शॉर्टकट कट-पेस्ट करा, मेनूत तो गट म्हणून दिसेल. फक्त फोल्डरात फोल्डर करत बसू नका. विंडोज ७ मध्ये आतले फोल्डर एकात एक उघडत जायचे. १० आणि ११ मध्ये एकच पातळी दिसते, आतलं सगळं एकत्र ओतलं जातं. आणि कॅल्क्युलेटरसारखी स्टोअरमधून येणारी ॲप्स या फोल्डरमध्ये नसतातच, त्यांच्यावर राइट क्लिक केलं तर ‘ओपन फाइल लोकेशन’ मिळत नाही. ती यादीत जिथे आहेत तिथेच राहणार.

एक धोक्याची सूचना. त्याच ‘प्रोग्रॅम्स’मध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा एक फोल्डर असतो. आमच्या एका विद्यार्थ्याला वाटलं हाच स्टार्ट मेनू. त्याने आवडीचे सगळे शॉर्टकट तिथे नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तर दोन गेम, एक व्हिडिओ एडिटर, वर्ड, एक्सेल आणि गाणी, सगळं एकदम उघडलं आणि मशीन घोरायला लागलं. बंद करून परत चालू केलं, पुन्हा तेच. घरच्यांनी व्हायरस म्हणून लॅपटॉप दोन दिवस बंद ठेवला. त्या फोल्डरमध्ये जे असतं ते मशीन चालू करून आत शिरलं की आपोआप उघडतं, त्याचं कामच ते. तिथे हात लावू नका. किंवा मुद्दाम लावा: रोज सकाळी बिलाचा प्रोग्रॅम आपोआप उघडायला हवा असेल तर त्याचा एकच शॉर्टकट तिथे ठेवा.

प्रोग्रॅमची नावं मराठीत ठेवता येतात?

शॉर्टकटचं नाव तुमच्या मनाचं. वरच्याच ‘प्रोग्रॅम्स’ फोल्डरमध्ये शॉर्टकटवर राइट क्लिक, ‘रीनेम’, आणि ‘हिशोब’ किंवा ‘पत्र लिहा’ असं देवनागरीत टाइप करा. प्रोग्रॅमला काहीही होत नाही. आजोबांच्या लॅपटॉपवर ‘पेपर वाचा’ असं नाव देऊन पाहा, फोन कमी येतील.

मात्र देवनागरी नावं ए ते झेडच्या रांगेत बसत नाहीत, यादीत वेगळ्या गटात जातात. एखादी गोष्ट यादीत अगदी वर हवी असेल तर नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा लावा. आकड्याने सुरू होणारी नावं ए च्याही आधी येतात. फाइली दाबून छोट्या करणारं सेव्हन-झिप (7-Zip) टाकलेलं असेल तर ते सगळ्यात वर का असतं ते आता कळलं असेल.

याच संदर्भात दुसरी तक्रार, आठवड्यातून एकदा तरी येते: “सर्चमध्ये काहीच सापडत नाही.” बघायला गेलो तर कीबोर्ड मराठीवर असतो. ‘वर्ड’ शोधायला गेलं तर चौकटीत ‘ैदी’ असलं काहीतरी उमटतं आणि विंडोज बिचारं काय शोधणार? विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा, मग टाइप करा. ज्यांना दिवसभर मराठीतच लिहायचं असतं, देवस्थानचे अहवाल, शाळेचे निकाल, नाटकाच्या संहिता, त्यांनी चार-पाच नेहमीच्या शॉर्टकटना मराठी नावं द्यावीत. मग ‘हि’ टाइप केलं की ‘हिशोब’ सापडतो, कीबोर्ड बदलायला नको. मराठी टायपिंग अजून जमत नसेल तर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आत बसवलेलाच येतो; भाषेच्या सेटिंगमधून तो जोडून घ्या.

विंडोज १० मध्ये माझ्या फरशा छान लावलेल्या होत्या. ११ आल्यावर कुठे गेल्या?

गेल्या त्या गेल्या. विंडोज १० मधले चौकोन, त्यांचे नाव दिलेले गट, लहान-मोठे आकार, हे ११ ने सोडून दिलं आणि जुनी मांडणी पुढे आणली नाही. मलाही राग आला होता. सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये आम्ही बारा मशीनवर ‘मराठी’, ‘गणित’, ‘चित्रकला’ असे गट बसवले होते. पण विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा फरशांच्या मोहापायी तिथेच थांबणं बरं नव्हे.

खाली ‘रिकमेंडेड’मध्ये माझ्या फाइली सगळ्यांना दिसतात!

हो, आणि कधी कधी भलत्या वेळी दिसतात. एका फाइलीपुरतं असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’. कायमचं बंद करायचं असेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथे जाऊन अलीकडच्या फाइली दाखवण्याचा खटका बंद करा. पण याच खटक्याने फाइल एक्सप्लोररमधली अलीकडची यादी आणि टास्कबारवर राइट क्लिक केल्यावर येणारी यादीही जाते. ‘कालची फाइल कुठे गेली’ म्हणून परत येऊ नका. त्याच पानावर टिपा आणि नवी ॲप्स सुचवण्याचा खटका आहे, तो मात्र बेधडक बंद करा.

तिथेच ‘फोल्डर्स’ म्हणून एक ओळ आहे, कोणी उघडत नाही. तिच्यातून डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सेटिंग्ज हे चालू केलं की पॉवरच्या बटणाशेजारी त्यांची छोटी आयकॉनं येतात. ‘डाउनलोड केलेलं कुठे जातं?’ हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेलाय, तितक्यांदा हे एकच करून दिलं असतं तर बरं झालं असतं.

मी न टाकलेले गेम आणि ॲप्स कुठून आली?

काही विंडोजबरोबर येतात, काही लॅपटॉप बनवणारा टाकतो, काही दुकानदार. मी स्वतः एकदा घेतलेल्या लॅपटॉपवर तीन वेगवेगळे अँटीव्हायरस होते, तिन्ही चाचणीचे, तिन्ही पैसे मागणारे. यादीत दिसणारं नको ते ॲप राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा. नाव ओळखीचं नसेल, पण लॅपटॉपच्या कंपनीचं किंवा ध्वनी, ग्राफिक्स असलं काही दिसत असेल तर आधी विचारा.

घरात एकच लॅपटॉप आणि चार माणसं. कोणाची मांडणी ठेवायची?

प्रत्येकाची. सेटिंग्ज, अकाउंट्समधून प्रत्येकाला वेगळं खातं काढून द्या. पिन केलेली आयकॉनं खात्यागणिक वेगळी राहतात. आईच्या स्टार्टमध्ये चार गोष्टी, मुलाच्यात चाळीस, भांडण नाही. अकरावीच्या मुलांना गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून घरी संगणक मिळाले तेव्हा अख्खं घर एकाच खात्यात नांदायचं आणि डेस्कटॉपवर आजीच्या पूजेच्या फोटोपासून मुलाच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं पसरलेलं असायचं. ती सवय अजून गेलेली नाही.

गोवा ऑनलाइनची सरकारी साइट स्टार्टमध्ये ठेवता येईल? जमिनीचा एक-चौदाचा उतारा सारखा लागतो.

येईल. एज ब्राउझरमध्ये साइट उघडा, वरच्या तीन टिंबांमधून साइट ‘ॲप म्हणून इन्स्टॉल करा’ असा पर्याय शोधा. मग ती साइट इतर प्रोग्रॅमसारखीच ‘ऑल’मध्ये येते आणि पिन करता येते. क्रोममध्येही अशीच सोय आहे. एखादा फोल्डर सारखा लागत असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘पिन टू स्टार्ट’.

मेनू उघडतच नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. स्क्रीन क्षणभर लुकलुकेल, घाबरू नका. तरीही नाही तर मशीनच रीस्टार्ट करा. दिवसातून चारदा असं होत असेल तर अपडेट बाकी आहेत का बघा, आणि मगच आमच्याकडे या.

मेनू आवरला तर लॅपटॉप जोरात चालेल?

नाही. चालू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम कमी केलेत तर थोडा फरक पडेल; ते टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये दिसतात.

विंडोज ७ सारखा जुना मेनू मिळतो का?

ओपन-शेल नावाचा मोफत प्रोग्रॅम तसा मेनू देतो. क्लासिक शेल नावाचा तसाच जुना प्रोग्रॅम बंद पडल्यावर त्याच्याच पायावर तो उभा राहिला. ज्यांना खरोखर जमत नाही अशा दोन-तीन वयस्कर लोकांना मी बसवून दिला आहे. पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर तो रुसू शकतो, तेव्हा घरात बघणारं कोणी असेल तरच.

अपडेटनंतर सगळी ॲप्स आपोआप गटांत दिसायला लागली. हे काय?

२०२५ च्या शेवटी आलेल्या अपडेटमध्ये स्टार्ट बदलला: पिन वर, त्याखालीच सगळी ॲप्स, आणि ती गटवार, जाळीत किंवा अक्षरानुसार यादीत बघण्याचे पर्याय. गट विंडोज स्वतः ठरवतं. कधी बरोबर ठरवतं, कधी हिशोबाचा प्रोग्रॅम भलत्याच गटात जाऊन बसतो. मी यादीच ठेवतो. कुठलं अक्षर कुठे आहे हे तरी मला माहीत असतं. अक्षरावर क्लिक केलं की सगळ्या अक्षरांची पाटी उघडते आणि हव्या त्या अक्षरावर उडी मारता येते.

एवढं लावलेलं परत विस्कटलं तर?

मांडणी लागली की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. काजूवाल्या बाईंनी तो फोटो छापून गल्ल्याशेजारी चिकटवलाय. लॅपटॉप फॉरमॅट करून दिला तेव्हा मी त्यावर बघूनच लावला, सॉलिटेअरसकट.